अर्धी बाटली गडद निळी

ताम काकांची शाई पाण्यानं जात नसे. हे त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन, आणि त्यानंतर निदान शंभर वेळा दाखवलं. एका चिटोऱ्यावर ओळ लिहायची, ती वाळू द्यायची, चिटोरा वाटीभर पाण्यात बुडवायचा आणि बाहेर काढून आमच्या नाकासमोर धरायचा. वरवरचा थोडा रंग पाण्यात उतरे, पण अक्षर जागच्या जागी.

"बघितलंस, लुआ? पुरात घर वाहून गेलं तरी जन्मदाखला राहील," ते म्हणायचे.

"घरच गेल्यावर दाखला ठेवायचा कुठं?" त्यांची मुलगी दियेऊ विचारायची.

"तुझ्या टाळक्यावर!"

दियेऊ आणि मी एका वयाच्या. सा देकच्या नदीकाठच्या बाजारामागे आमची गल्ली, आणि गल्लीत आमची दारं समोरासमोर. ताम म्हणजे आठ; आमच्याकडे पोरांची मोजणी दोनपासून सुरू होते, म्हणून सातवं अपत्य असलेले काका सगळ्यांचे ताम. ले व्हान न्घिएम हे त्यांचं खरं नाव, पण ते फक्त कागदावर. आणि कागदावर मात्र ते सगळ्या गावाच्या घरात होतं. कारण जन्ममृत्यूच्या कचेरीत पंचवीस-तीस वर्षं दाखले लिहायचं काम त्यांचंच. गावात पोर जन्मलं की त्याला पहिली आंघोळ सुईण घालायची आणि पहिली ओळ ताम काका लिहायचे. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'लिहिणार: न्घिएम'. त्या कचेरीवरचा झेंडा बदलला, साहेब बदलले, टोप्या बदलल्या. शाई तीच राहिली.

पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, आमचं दक्षिणेचं सरकार गेलं आणि कचेरीला कुलूप लागायची वेळ आली, तेव्हा लोकांनी हाताला लागेल ते नेलं. कुणी पंखा नेला, कुणी टाइपरायटर, शिपायानं तर दार काढून नेलं. ताम काका घरी आले ते तीन बाटल्या शाई घेऊन. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

"लोकांच्या बायका वाऱ्यात बसल्यात, आणि मी काय करू? शाई पिऊ?"

"हा माल पुन्हा मिळायचा नाही, बाई," काका म्हणाले. एवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पुढची वर्षं सगळ्याच गोष्टींच्या टंचाईची, आणि कागद-शाईची टंचाई तर त्याहून मोठी. वह्यांचा कागद भाताच्या पेंढ्याचा, तपकिरी. त्यात पेंढ्याच्या काड्या अशा वर आलेल्या असायच्या की निब अडकून ठेच खायची. शाई पुडीतली. जांभळी पूड पाण्यात कालवायची, आणि मास्तरीणबाई गरीब असली की पाणी जास्त. ती शाई त्या कागदावर टेकली की फुटायची. अक्षराला चहूबाजूंनी मिशा यायच्या, ओळ पाठीमागच्या पानावर उतरायची, आणि सहा महिन्यांत सगळं फिकं पडून गुलाबी डाग उरायचा. माझी त्या वर्षांतली एकही वही आज वाचता येत नाही. त्यात वाचण्यासारखं काही होतं असंही नाही म्हणा.

ताम काकांची गडद निळी शाई त्याच भिकार कागदावर सरळ उभी राहायची. ओली असताना निळी, आठवड्याभरात जवळजवळ काळी, आणि उन्हात तिरकी धरली की निळी झाक. पण ते ती वाटेल तिथं वापरत नसत. घरच्या याद्या, मासेवालीच्या चिठ्ठ्या जांभळ्या पुडीनं. टिकायचं ते फक्त निळीनं. लिहिण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका द्यायचे, दहा आकडे मोजायचे, कागद उलटून मागं बघायचे. ठिपका पसरला तर निब बशीच्या बुडावर दोनदा घासून बारीक करायची, हात हलका ठेवायचा, आणि पेन क्षणभरही एका जागी टेकवून विचार करत बसायचं नाही. "विचार आधी करायचा. कागदावर टेकल्यावर विचार केला की डाग पडतो," असं त्यांचं सांगणं. रोज संध्याकाळी पेनाची जीभ काढून धुवायची, बाटलीच्या बुचावर मेणबत्तीचं मेण ओतायचं. पोटच्या पोरीच्या तापाकडे ते इतकं लक्ष देत नसत, असं काकू म्हणायच्या. ते मात्र खोटं होतं. दियेऊ म्हणजे त्यांचा जीव होता.

नव्या राजवटीत त्यांना नोकरी कुणी देईना. पण काम चालून आलं. शाळा, नोकरी, बदली, काहीही हवं असलं की तीन पिढ्यांचा कागद लिहून द्यावा लागे: आजोबा काय करत, बाप काय करत होता, जुन्या सरकारशी कुणाचा काय संबंध. तो स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता, हातानं. लोक काकांच्या ओट्यावर येऊन बसायचे. जाताना बदकाची अंडी, केळ्यांचा फणा, वाळवलेले मासे ठेवून जायचे.

माझा कागदही त्यांनीच लिहिला. मी तेव्हा अठरा वर्षांची, औषधशास्त्राला जायचं होतं. माझे वडील जुन्या सैन्याच्या कोठारातला ट्रक चालवायचे, आणि दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

"आता काय लिहायचं?" आई रडकुंडीला आलेली.

काकांनी ठिपका दिला, दहा मोजले. "तो ट्रक चालवायचा ना?"

"हो."

"मग ट्रकचालक. कष्टकरी वर्ग."

"आणि ट्रकात काय असायचं ते?"

"ट्रकात काय होतं हे ट्रकाला विचारा, वहिनी. फॉर्मात ट्रकासाठी रकाना नाही."

आई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसली. खोटं एक अक्षर नव्हतं, आणि माझा बाप चार ओळींत कामगार झाला. असं त्यांनी अर्ध्या गल्लीला वाचवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं लोक म्हणू लागले की ताम काका भोळे. भोळे नव्हते ते. फक्त शाईची गोष्ट निघाली की त्यांची अक्कल गहाण पडायची.

दियेऊला डॉक्टर व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे काय, ती झालेलीच होती. फक्त कॉलेजनं शिक्का मारायचा बाकी होता. गल्लीतल्या बायका ताप आलेलं पोर आधी तिला दाखवायच्या. आमच्या मुख्याध्यापकांनी तिच्या शिफारशीत लिहिलं की अशी विद्यार्थिनी मी वीस वर्षांत पाहिली नाही. ते त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, आणि माझ्यात आतून काहीतरी जळलं, हेही सांगून टाकते.

आता प्रश्न दियेऊच्या तीन पिढ्यांचा. काकू म्हणाल्या, "लिहा की, दुकानात कारकून होते. दुसऱ्यांच्या ट्रकातला माल गिळता, स्वतःचं टेबल गिळता येत नाही?"

"अगं, गावातल्या प्रत्येक दाखल्यावर माझी सही आहे. त्या साऊ लापच्या जन्मदाखल्यावरसुद्धा मीच आहे. लपू कुठं?"

साऊ लाप म्हणजे आमच्या वॉर्डाचा प्रमुख. पंचाहत्तरला जिंकलेल्या बाजूच्या लढवय्यांबरोबर जंगलातून परत आला तेव्हा अंगावर एकच सदरा होता. आता छातीच्या खिशाला पेन होतं. अर्जावर शेवटचा शेरा त्याचा. तो शेरा वेगळ्या कागदावर, बंद पाकिटातून सरळ शाळेत जायचा. अर्जदारानं तो बघायचा नाही. म्हणजे काकांनी खरं ते लिहायचं, आणि लापनं त्यावर मेहेरबानी करायची, एवढा एकच रस्ता उरला होता. त्यांनी खरं लिहिलं. 'जन्ममृत्यू कचेरीत लेखनिक.' निळ्या शाईनं, एकही डाग न पाडता. तेव्हा तिसऱ्या बाटलीत अर्धीच शाई राहिली होती.

आठवड्याभरानं लाप स्वतः आला. मी आणि दियेऊ ओट्यावर चिंचा सोलत होतो.

"काय ताम काका, बरं आहे ना?" तो आत येऊन खुर्चीत बसला. "अहो, या जांभळ्या पाण्यानं जीव खाल्लाय माझा. सही करतो, तर ती चिखलातून बदक चालत गेल्यासारखी दिसते. वरच्या कचेरीतनं मला विचारतात, साऊ, तू शिकलेला आहेस ना? आणि लोकांच्या अर्जांवर तुमचं अक्षर बघतो. फुटत कसं नाही हो ते?"

काकांचा चेहरा उजळला. काकू चुलीकडून डोळ्यांनी नको-नको म्हणत होत्या, ते त्यांनी पाहिलंच नाही.

"कागदाचा दोष नाही, साऊभाऊ. हात हलका पाहिजे आणि शाई पाहिजे." त्यांनी बाटली काढली, बुचाचं मेण सोललं, आणि लापच्या समोर तो वाटीचा प्रयोग केला. चिटोरा पाण्यातून काढला आणि त्याच्या हातात दिला.

"वा!" लाप म्हणाला. "ही मिळाली कुठं?"

"आमच्या कचेरीतली. शेवटच्या दिवशी तीन बाटल्या आणल्या. सहा वर्षं जपली. तुमचा दाखलासुद्धा याच शाईतला, बरं का! पन्नास सालचा. काढून बघा, काल लिहिल्यासारखा असेल."

"आहे खरा." लाप बाटली उजेडात फिरवत राहिला. "तुम्ही अजून जपून ठेवलीत म्हणायची."

"जपायचीच वस्तू ती. आता तुम्ही घेऊन जा. मोठ्या कामाचे कागद तुमच्या हातून जातात."

"अहो, नको, नको..."

"घ्या हो. पोरीचा कागद लिहून झालाय. मला आता काय करायचीय?"

लापनं बाटली खिशात घातली. दाराशी थांबून त्यानं दियेऊच्या डोक्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, काका. तुमच्या शाईला शोभेल असंच लिहितो."

तो गेल्यावर काकू फणफणल्या. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी! पाय धरले ते धरले, वर शेपटीला फुलं कशाला बांधलीत?"

काका नुसते हसले. वाटीतलं पाणी त्यांनी तुळशीच्या रोपाला घातलं. त्या दिवशी ते फार खुशीत होते. पोरीचं काम झालं असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही तसंच वाटलं होतं.

त्या वर्षी आमच्या वॉर्डातून दोन नावं पुढं गेली: लापची भाची, आणि मी.

दियेऊला परीक्षेला बसायचं पत्रच आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही. तेव्हा सांगत नसत. ती तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी भात वाढून घेतला आणि बापाला म्हणाली, "लुआच्या बापाचा ट्रक रिकामा केलात. अख्ख्या गल्लीचं झाकलंत. पोटच्या पोरीच्या वेळी तेवढा हरिश्चंद्र झालात." त्यानंतर बापलेकीत कामापुरतं बोलणं उरलं. पाणी द्या, दार लावा, एवढंच.

काकांनाही तेच वाटत होतं. आपणच लिहिलेल्या त्या एका ओळीनं पोर बुडाली. लापनं आपल्याकडून होईल तेवढं केलं असणार, वरच्यांनी ऐकलं नसेल. म्हणून नव्या वर्षाच्या सणाला ते लाय व्हुंगच्या लाल संत्र्यांची टोपली घेऊन लापच्या घरी गेले. आभार मानायला! दुसऱ्या वर्षीही गेले. तिसऱ्याही. मी सुटीला घरी आले की ते टोपलीत संत्री रचताना दिसायचे. सर्वांत चांगली वर, पानासकट. लाप पुढं जिल्ह्याला मोठ्या खुर्चीवर गेला, तर काका टोपली घेऊन बसनं जिल्ह्याला जायला लागले. अशी नऊ वर्षं. माणसानं कृतज्ञ असावं म्हणतात. मला आता कुणी कृतज्ञ दिसलं की भीती वाटते.

दियेऊ तांदळाच्या पिठाच्या कारखान्यात लागली. ओलं पीठ बांबूच्या चाळण्यांवर पसरायचं, उन्हात फिरवायचं, खरवडायचं. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे असायचे. मी औषधांच्या दुकानाचा पांढरा कोट घालून तिच्याशी बोलत उभी राहायची, आणि दोघींनाही बोलायला काही सुचायचं नाही.

नव्वद साली मी वडिलांच्या श्राद्धाला घरी आले होते. शाळा नव्या इमारतीत जाणार होती, आणि जुनी कपाटं रिकामी करायला काढली होती. ज्यांचे कागद पडून आहेत त्यांनी घेऊन जावेत, नाहीतर रद्दीत जातील, अशी पाटी लागली. दियेऊला कारखान्यात बढतीसाठी शाळेचं गुणपत्रक हवं होतं. ती म्हणाली, "चल येतेस?" मी गेले.

कारकुनानं धूळ झटकून दोघींचे दोन गठ्ठे हातावर ठेवले. दियेऊनं तिचा तिथंच उघडला. मुख्याध्यापकांच्या शिफारशीचं पान वर होतं. जांभळ्या पुडीच्या शाईतलं. पान तपकिरी झालेलं आणि कोरं. उन्हात धरलं तर कुठं एखादी गुलाबी वेलांटी दिसे. वीस वर्षांत अशी विद्यार्थिनी पाहिली नाही, हे वाक्य आता जगात फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

त्याच्याखाली वॉर्डाचा शेरा होता. तो वाचायला उन्हाची गरज नव्हती. काळपट निळ्या, बारीक, नीट ओळी, एक अक्षर फुटलेलं नाही.

'वडील जुन्या राजवटीच्या कचेरीत लेखनिक. मनोवृत्तीत बदल दिसत नाही. त्या कचेरीतल्या वस्तू अजून घरात जपून ठेवल्या आहेत, व त्याबद्दल अभिमानाने बोलतात. मुलीची शिफारस करता येत नाही.'

दियेऊनं ते दोनदा वाचलं. मग कागद दुमडला आणि चालू लागली. मी कारकुनाच्या वहीत दोघींची सही करायला मागं थांबले, आणि तेवढ्यात माझा गठ्ठा उघडून बघितला. ते नंतर सांगते.

काका ओट्यावर बसले होते, पुढ्यात संत्र्यांची रिकामी टोपली. सण पंधरवड्यावर आला होता. दियेऊनं कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला. आणि आयुष्यभराची सवय बघा, आधी कागद उजेडाकडे तिरका धरला, मग उलटून मागची बाजू पाहिली.

"फुटली नाही," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. पाठीमागंही उतरली नाही."

मग त्यांनी वाचलं.

मी माणसं मरताना पाहिली आहेत. पण बसल्या जागी माणूस असा आटताना पाहिला नव्हता. त्यांचे ओठ प्रत्येक शब्दाबरोबर हलत होते. 'अभिमानाने बोलतात' तिथं आले आणि थांबले, तिथंच बोट ठेवून बसले. काकू आतून आल्या, कागदाकडे बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शाई त्यांनी ओळखली.

"कुऱ्हाडीचा दांडा," एवढंच म्हणाल्या, आणि पुढची म्हण गिळून आत गेल्या.

काका उठले. वाटीत पाणी घेतलं, कागद त्यात बुडवला आणि अंगठ्यानं घासायला लागले. थोडा निळा रंग पाण्यात उतरला. अक्षरं हलली नाहीत. ते घासत राहिले, पेंढ्याचा कागद अंगठ्याखाली गोळा व्हायला लागला, मधे भोक पडलं, आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना 'शिफारस' शब्दाची दोन टोकं तशीच काळीनिळी उभी.

"राहू द्या, बाबा," दियेऊ म्हणाली. नऊ वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा मऊ बोलत होती. "शाई चांगलीच आहे तुमची."

त्यांनी वाटी खाली ठेवली. पुन्हा कधी पेन उघडलं नाही. त्यानंतर चार वर्षांनी गेले. त्यांचा मृत्यूचा दाखला कचेरीतल्या एका मुलीनं बॉलपेननं भरला, आणि नावात चूक करून ती खोडली.

आता माझ्या गठ्ठ्यातलं. त्यातही वॉर्डाचा शेरा होता, तीच तारीख, तोच हात, तीच अर्धी बाटली. 'वडील ट्रकचालक. कष्टकरी वर्ग. शिफारस करण्यात येत आहे.' वाक्य ताम काकांचं, शाई ताम काकांची. जागा बहुधा दियेऊची. तो कागद मी त्या दिवशी पर्समध्ये खाली दडपला, आणि काकांच्या ओट्यावर उभी राहून तिच्या बापाला तिचा शेरा घासताना बघत होते, तेव्हा तो माझ्या काखेत होता. दियेऊनं नंतर एकदा विचारलं, तुझ्यात काय लिहिलं होतं गं? मी म्हणाले, वाचता आलं नाही, फिकं पडलंय.

अधूनमधून काढून बघते मी तो. अजून स्पष्ट वाचता येतो.